रिलीव्हर आल्याशिवाय

डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलं, "छाती साफ आहे. आज घरी न्या, नाहीतर जिथं ठरवलंय तिथं."

ठरवायचं काम माझ्याकडे, म्हणजे काहीच ठरलेलं नव्हतं. बाबांचं विसरणं वाढलेलं. घरी असले की दार उघडून थेट स्टेशनकडे चालू लागायचे. म्हणून मी हायवेपलीकडच्या वृद्धसेवा केंद्रात एक खाट सांगून ठेवली होती. तलासरीची बहीण फोनवर म्हणाली, "घरीच आण, शनिवारी मी येत जाईन." तिला म्हटलं, "बघू." चारोटीहून गाडी मागवली आणि गाडीवाल्याला पत्ता "बसल्यावर सांगतो" म्हणालो. असा मी कर्तबगार.

बाबा मात्र उठेचनात. खाटेचा कठडा नॅपकिनमधून घट्ट धरून बसलेले.

"रिलीव्हर कुठाय?"

बाबांची सगळी नोकरी डहाणू रोडच्या केबिनमध्ये गेली, सिग्नलचे लोखंडी खटके ओढण्यात. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय केबिन सोडायची नाही. त्याला उशीर झाला की मी आणि आई डबा घेऊन जिन्यावर बसायचो. वरून वंगणाचा वास यायचा, खटक्यांचा खडखडाट यायचा, आणि मध्येच बाबांचं डोकं खिडकीतून बाहेर यायचं, "भाजी कसली?"

मला माझ्या अभिनयाची भारी घमेंड. बाहेर गेलो, शर्ट खोचला, परत आत आलो.

"राम राम! रिलीफला आलो."

"या. कुठं काय उभंय, सांगा."

"सगळं मोकळं!"

"मोकळं? बाजूच्या लाइनीवरची मालगाडी काय तुमच्या सासऱ्यांनी नेली?"

शेजारच्या खाटेवरचे काका खोकता खोकता हसले. "भाऊ, शिकून या."

मग बाबांनीच शिकवलं. मालगाडी बाजूला उभी, वाणगावहून पॅसेंजर सुटलेली, फाटक बंद. मी शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

"घ्या चार्ज."

मी ऐटीत कठडा धरला.

"उघड्या हातानं? घामानं गंज चढतो खटक्याला! कितीदा सांगायचं तुला?"

लहानपणी जिन्यावरून केबिनमध्ये शिरून खटक्याला हात लावला की हीच बोलणी, याच शब्दांत खायचो. बाबांनी नॅपकिन माझ्या हातात कोंबला, चपला शोधल्या आणि उठले.

गाडीत बाबा पाळी संपलेल्या माणसासारखे निवांत डुलत होते. गाडीवाल्यानं विचारलं, "साहेब, कुठं घेऊ?"

केंद्राचा पत्ता खिशात होता. पण खिशात घालायचा हात नॅपकिन धरून बसला होता. चार्ज घेतलेला माणूस पाळी टाकून जातो कुठं?

"स्टेशनजवळ," म्हटलं. "घरी."

आता दर शनिवारी बहीण येते. तिला मी मालगाडीसकट चार्ज तोंडी देतो आणि बाबा कान देऊन ऐकतात. परवा मी पॅसेंजर विसरलो.

बाबा बहिणीला हळूच म्हणाले, "याला भरती कुणी केलं?"