एका कामावर दोन मेट

माझ्या सासऱ्यांच्या मरणाला मी जबाबदार आहे असं आमच्या घरात दोघांना वाटतं.

त्यातली एक मी.

आज आबांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घातला, आणि मग सुचेना काय करावं. म्हणून लिहितेय. रडके इमोजी टाकू नका, प्लीज.

लॉकडाऊनमध्ये मी सासरी, अनसिंगला आले ती इथेच राहिले. नवरा नाशिकला नोकरीला, सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मी, आबा आणि माझा लॅपटॉप.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी पॅकिंग मशीनची डिझाइन्स करते. स्क्रीनवर एकेक पार्ट आणायचा आणि जोडायचा. नुसता आणून ठेवला तर तो हवेत कुठेही भरकटतो. मग त्याला बांधायचं. ही पिन या भोकातच राहील, हा आर्म एवढाच वर जाईल. या बांधण्याला आमच्यात मेट म्हणतात.

आबा चहाचा कप घेऊन मागे खुर्चीत बसायचे.

"काय करून राह्यली वं पोरी?"

"मेट लावून राह्यली, आबा."

आबा कप खाली ठेवून पुढेच सरकले. "मेट? तुह्या कंपनीत बी मेट असते?"

कारण आबा स्वतः मेट होते! रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी घेणारा, कोण कुठे खणणार ते सांगणारा, तो मेट. गावाबाहेरचा पाझर तलाव त्यांच्या देखरेखीखाली झालेला.

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे कोनाले कुठी हालू द्याचं आन कुठी नाही, हेच न?"

"हो, तेच."

"मंग बरोबर हाय. मेटच झाला तो."

त्या दिवसापासून रोज विचारायचे, "आज किती मेट ठिवले?" आणि मग लहान पोरासारखं, "हालव न एकडाव." मी माउसने आर्म ओढायचे. तो वर जायचा, खाली यायचा. आबा खूश.

एकदा स्क्रीनवर सगळं लाल झालं.

"काहून लाल झालं वं?"

"मेट जास्त झाले आबा. आता तो हालतच नाही."

आबा हसले. "एका कामावर दोन मेट ठिवले तं असंच व्हते. एक म्हनते इकडं खंदा, दुसरा म्हनते तिकडं. मजूर उभाच."

ऑफिसमध्ये हे आठ दिवस शिकवतात. आबांनी चहा संपायच्या आत सांगितलं.

मग ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, नंतर काठी.

आणि आमचे नियम आले.

स्टँडवर जायचं नाही. सायकल बंद. उंबरठा एकट्याने ओलांडायचा नाही. नवऱ्याने टीव्हीच्या वर कॅमेरा लावला. तो नाशिकहून फोन करायचा, "आबा, काठी कुठाय?" मी आतून ओरडायचे, "आबा, बसा!"

माझ्या खोलीत यायला एक पायरी होती. ती पण आम्ही बंद केली.

हे मी प्रेमाने केलं हो. पण केलं.

मग ते हॉलमध्ये आणि मी खोलीत. एका घरात दोन माणसं आणि दिवसभरात वीस वाक्यं नाहीत. मी स्क्रीनसमोर जेवायचे, ते कॅमेऱ्यासमोर. "आज किती मेट?" हे विचारणारं मागे कुणी नव्हतं. मला त्यांची फार सवय झाली होती, हे तेव्हा कळलं.

एका दुपारी त्यांना पाणी द्यायला गेले तर म्हणाले,

"पोरी, मले लाल करून ठिवलं तुमी."

रागाने नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

आत येऊन मीटिंगला बसले. मीटिंगमध्ये काय झालं, विचारू नका.

त्यानंतर आठवड्याभराने ते दाराशी उभे. धुतलेली टोपी, हातात काठी.

"तळ्यावर जाऊन येऊ? पानी किती भरलं पाहतो."

मी कॉलवर होते. म्यूट केलं.

"जा, आबा."

सोबत कुणाला का नाही पाठवलं, हे मला नंतर सगळ्यांनी विचारलं. कुणाच्या तरी नजरेखाली ते रोजच होते. त्यांना एकट्याला जायचं होतं.

येताना तळ्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, दगडांवरून पाय घसरला. शेतातल्या माणसांनी आणलं. वाशिमच्या दवाखान्यात सहा दिवस.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होते. मला जवळ बोलावलं. "पानी पाळीले टेकलं हाय वं." केवढा आनंद होता चेहऱ्यावर. डोकं फुटलेलं, आणि हा माणूस खूश.

सहाव्या दिवशी गेले.

दहाव्याला आबांची बहीण, आत्याबाई, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनेनं मोकळं सोडलं म्हाताऱ्याले, म्हनून हे झालं." नवरा तिथेच बसला होता. काही बोलला नाही.

वर्षभर बोलला नाही. म्हणजे बोलतो, पण गॅस सिलिंडर, इन्व्हर्टर, जेवलीस का. एवढंच.

रात्रंदिवस मी उत्तर तयार करत होते. डॉक्टर काय म्हणाले, चालणं कसं गरजेचं होतं, वगैरे. मोठं उत्तर.

आज सकाळी त्याचा फोन आला. रजा मिळाली नव्हती. हार घातलास का विचारलं. मग एकदम,

"त्या दिवशी तू त्यांना का जाऊ दिलंस?"

तयार केलेलं सगळं विसरले.

"त्यांनी विचारलं म्हणून."



तो म्हणाला, "मला त्यांनी कधी विचारलंच नाही. मी नाहीच म्हणणार, हे माहीत होतं त्यांना."

आणि रडायला लागला. वर्षभरात पहिल्यांदा.

मीही.

आबा, तुमच्याशिवाय हे घर मला खायला उठतं. तरी तुम्ही पुन्हा विचारलंत तर मी जाच म्हणेन.

तुमच्या सुनेचा, पायावर डोकं ठेवून, नमस्कार.