आबांची उजेडाची पाटी

आमच्या घराण्यात पोथीचा अध्याय मधेच सोडत नाहीत. (भरलं ताट सोडतात, सरकारी नोकरी सोडतात, अध्याय नाही!)

माझे वडील, म्हणजे आबा, तिकोणा पेठेच्या देवळात दर श्रावणात पोथी वाचायचे. लहानपणी मी कंदिलाच्या उजेडात त्यांच्या मांडीला टेकून ऐकायची, काही न कळता. तो संथ सूर अजूनही कानात आहे. पुढे आबांची नजर अधू झाली, वाचताना ओळी गळू लागल्या आणि पोथी आता गावातल्याच, चांगल्या नजरेच्या गणूभाऊंकडे द्यावी, असं मंडळींनी ठरवत आणलं. आबांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

मी तळेगावात शिक्षिका. अक्कल पाजळायची सवय. स्वतःचा ई-रीडर घेऊन गाव गाठलं. त्यात पोथी घातली, अक्षरं पेरूएवढी केली. पांढरा उजेड खुपतो म्हणून तो समईसारखा पिवळसर केला. आबांनी पडदा लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "डोळ्याला गार वाटतंय. पाटी ब्येस हाय."

संध्याकाळी देऊळ भरलं. आबांनी पाटीला फूल वाहिलं (गंध लावायच्या आत मी हात धरला) आणि वाचन सुरू केलं. एकही ओळ गळेना. मी सगळ्यांकडे अशी बघत होते, जणू विजेचा शोध मीच लावलाय.

तेवढ्यात वीज गेली. अंधारात पाटी तेवढी उजळली आणि मावळातले झाडून सगळे किडे तिच्यावर आले! आबा बोटानं किडा झटकत, की पान उलटे. दुसरा किडा, दुसरं पान. शेवटी शेजारच्या सोनामावशीनं विचारलंच, लग्न लागायच्या आधी लढाई कशी सुरू झाली म्हणून. मी पान सावरायला धावले आणि गडबडीत माझंच एक पुस्तक उघडलं. वजन उतरवण्याचं.

आबांनी सूर लावलाही होता : "सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी प्यावेऽऽ..."

ही पोथी नाही, असं मी कानाशी लागून सांगितलं. त्यांनी हातानंच मला गप्प केलं. सुरू झालेला अध्याय पुरा करायचा! अक्षरं एवढी मोठी, की पानावर चारच शब्द मावत. पुढे काय येणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. साखर वर्ज्य, भात अर्धा, बटाट्याचा त्याग, सगळं त्याच संथ सुरात. आणि मंडळी हात जोडून बसलेली. आबांची पोथी आता गेलीच, आणि ती मीच घालवली, म्हणून मला रडू यायला लागलं.

अध्याय संपला आणि वीज आली. गणूभाऊ काही बोलणार, त्याआधी सोनामावशी म्हणाली, "आबा, पोथी तुमीच वाचत जावा. इतक्या वर्सांत आज पयल्यांदा समदं समजलं."

सगळ्यांच्या माना डोलल्या. गणूभाऊ मुकाट्यानं प्रसाद वाटायला लागले. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले.

मग मावशी माझ्याकडे वळली. "ही पोथी तुझी व्हय गं?"

"हो मावशी. दोन वर्षं झाली घेऊन."

तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"मग वाचली न्हाईस वाटतं अजून."