ब्रेकचा रकाना

कागदावर रिकामी जागा दिसली की सरलाबाई देवतळेंचा जीव वरखाली व्हायचा. तीस वर्षं सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं, ती खोड जाते थोडीच! निवृत्तीनंतर त्या तेलीबांधा मोहल्ल्यातल्या सायकल दुकानात रजिस्टर लिहू लागल्या. लोकांनी दिलेल्या जुन्या सायकली दर रविवारी हौशी मंडळी तिथे दुरुस्त करायची आणि गरजूंना फुकट द्यायची. सायकल कुणी नेली, काम कुणी केलं, ब्रेक कुणी तपासला, सगळे रकाने सरलाबाईंनीच आखलेले.

मंडळी मात्र एकेक वल्ली. कोपरापर्यंत हात काळे करतील, पण सही? नावच काढू नका! मग संध्याकाळी सरलाबाई अंदाजाने रकाने भरून टाकायच्या. ब्रेकच्या रकान्यात बहुतेक हिरालालभाऊच. रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस, ब्रेकला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

दोनशे चौदा नंबरची लाल सायकल विमला साहू नावाच्या मुलीने नेली, सिलतऱ्याच्या एका कॅन्टीनमध्ये कामाला जायला. निघताना खुशीत दोनदा घंटी वाजवली तिने. नवव्या दिवशी ट्रकसमोर ब्रेक लागलाच नाही. पोरगी जागच्या जागी गेली.

रजिस्टर उघडलं गेलं. ब्रेक तपासणी: हिरालाल. म्हातारा त्या नावाकडे बघतच राहिला. "मले तं आठवूनच नाही राहिलं," एवढंच बोलला, पाना खाली ठेवला आणि पुन्हा आला नाही.

सरलाबाईंना मात्र त्याच क्षणी लख्ख आठवलं. त्या रविवारी भाऊ लवकर घरी गेले होते, लाल सायकल ते गेल्यावर दुरुस्तीला काढली होती आणि नाव आपणच लिहिलं होतं. तरी त्या गप्प बसल्या. हो, चक्क गप्प बसल्या! भ्याल्या बिचाऱ्या, दुसरं काय.

दोन वर्षं ती घंटी त्यांच्या मागे लागली. देवापुढे बसल्या असताना, गोल बाजारात भांडी बघताना, भर दुपारी, ट्रिंग ट्रिंग. वळून बघावं तर कुणी नाही.

मग दुकानात कॉम्प्युटर आला. स्नेहल नावाची कॉलेजातली पोट्टी जुनं रजिस्टर त्यात भरू लागली. "आंटी, दो सौ चौदह. ब्रेक चेक, हिरालाल. यही डालूँ ना?"

कानाशी घंटी वाजली. "थांब, काही टाकू नको," म्हणत सरलाबाई उठल्या आणि थेट हिरालालभाऊंच्या घरी गेल्या. बसायच्याही आधी सगळं ओकून टाकलं.

भाऊ ऐकत राहिले. मग आत बायकोला ओरडून म्हणाले, "मीरा, ऐकलं का वं! मी इसरलो नव्हतो!" आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले. मीराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काहून नाही सांगितलं, बाई? दोन वर्षं मले वाटून राहिलं का माझं डोकंच गेलं. रस्ता वलांडाले भेव लागते मले."

 सरलाबाई शिव्या खायची तयारी करून आल्या होत्या. हे रडणं त्यांना सोसवेना.

भाऊंनी डोळे पुसले. "दर महिन्याले तिच्या मायकडे जातो मी. पाय धरतो. ते माझं नाव घेऊन शिव्या देते, मी ऐकतो. उद्या जायाचा दिवस आहे." मग म्हणाले, "उद्या मी नाही जात. तुमी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरलाबाई विमलाच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, पोचल्या. दाराशी भिंतीला टेकून ती लाल सायकल होती, चाक वाकडं झालेली. घंटी मात्र शाबूत होती. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि कडी वाजवली.

"कोन हे?" आतून विमलाच्या आईचा थकलेला आवाज आला.

सरलाबाईंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.