डोन्ट मूव्ह

आमच्या ताईला हुकूम सोडायची हौस लहानपणापासूनची. घरात मी तिची एकुलती एक फौज. पुढे ती शाळेत पहिलीला इंग्रजी शिकवायला लागली आणि तिला अख्खी पलटणच मिळाली. इंग्रजी आज्ञा फळ्यावर लिहून घोकून घेणं तिला नामंजूर. तिने "क्लोज द डोअर" म्हणायचं आणि पोरांनी ते करून दाखवायचं. नियम एकच: "डोन्ट मूव्ह" म्हटलं की तिने "कम हिअर" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. हलला तो बाद. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. माझ्याकडे नुसता गोंगाट आणि भिंतीपलीकडे हिची पोरं चिडीचूप. जळफळाट व्हायचा माझा.

तिच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती, हडकुळी, तोंडातून शब्द न काढणारी. खेळात ती दरवेळी सगळ्यांच्या आधी बाद व्हायची आणि पोरं फिदीफिदी हसायची. त्या दिवशी शेवटच्या तासाला ताईने तिला एकटीलाच पुकारलं. "गो टू द विंडो. डोन्ट मूव्ह." मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात एका मुलाचा घोळणा फुटला. त्याला घेऊन ताई खाली धावली, घंटा झाली आणि वर्ग रिकामा झाला.

रक्त थांबलं, मुलगा घरी गेला. शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता ताई मला शहाणपण शिकवत होती. "अगं, धाक लागतच नाही. खेळ दिला की पोरं मुकाट ऐकतात."

एक बाई घाबरीघुबरी होऊन दारात आली. "माझी मुलगी फाटकाशी आलीच नाही हो. सगळी पोरं गेली."

ताई पांढरीफटक पडली. आम्ही तिघी वर धावलो.

मुलगी खिडकीशीच होती. मोजे ओले, पायाशी लघवीचं तळं. खिडकीतून समोरच फाटक दिसत होतं.

"मी खाली उभी दिसत होते ना तुला? मग हाक का नाही मारलीस?" आई ओरडली. मुलगी हलली नाही. ती फक्त ताईकडे बघत राहिली. ताई दारातच थबकली होती. शेवटी आईने तिला दंडाला धरून ओढलं.

"फार हट्टी आहे हो ही. तुम्हाला उगाच त्रास झाला, बाई. माफ करा."

ताईने मान हलवली. जणू माफच केलं! मला तिची लाज वाटली आणि मीही गप्प बसले म्हणून माझीही.

जिन्यावरून आवाज आला, "घरी चल, बघतेच तुझ्याकडे." तशी ताई धावत सुटली. खाली शिपाई होता, मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्यादेखत तिने त्या आईला अडवलं.

"तिला मारू नका. ती हट्टी नाही. मीच तिला हलू नकोस म्हणाले आणि विसरून चहा प्यायला गेले."

आईने मुलीचा दंड सोडला. ताईची मान वर होईना. मुलगी हुंदके देत होती. मी पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला.

"बाई, मी नव्हते हलले. आईने ओढलं मला."