मक्याचा देव आणि आबांच्या हातातला हार

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी गुडघे धरून बसल्या, मी मध्य अमेरिका धरून बसले. मला रिकामं बसता येत नाही. बसलं की लोकांच्या पायाला मुंग्या येतात, माझ्या डोक्याला येतात. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण त्या मुलखाला आमच्या पुस्तकात धड अर्धं पानही नव्हतं. मग एका परदेशी विद्यापीठाचा ऑनलाइन वर्ग केला. तेव्हा कळलं की ज्या मक्यावर आमच्या इंदापूर तालुक्यातल्या गाई जगतात, तो तिकडच्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी एका रानगवतातून घडवला. त्यांच्या गोष्टीत तर माणूसच मक्याच्या पिठाचा. हे कळल्यावर गप्प कसं राहायचं?

जळोचीला आमच्या घराजवळ बौद्ध विहार आहे. त्याच्या सभागृहात मी रविवारचा वर्ग सुरू केला. पंधरा-वीस बाया, काही कॉलेजची मुलं, दोन निवृत्त कारकून. एका रविवारी ग्वाटेमालातल्या बायांचं विणकाम, एका रविवारी त्यांची चित्रलिपी. लोक हसायचे. सगळ्यात जास्त आबा, म्हणजे माझे वडील.

"शेजारचा करमाळा ठावा न्हाय, आन् ही चालली समिंद्रापल्याड," असं ते भावाला सांगायचे. ते भावाकडे वरकुट्याला राहतात. स्वतः चौथीपर्यंत शिकले, मला मात्र हट्टानं शिकवलं. पण मी वर्गात उभी राहून काय बोलते, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी एकदा तरी येऊन ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. साठी आली तरी बापाकडून शाबासकी हवी असते, यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटी ते एका रविवारी यायला तयार झाले. त्या दिवसाचा विषय होता, स्पेनचे लोक तिकडे आले तेव्हाचा. त्यांनी मूर्ती फोडल्या, पोथ्या जाळल्या, लोकांना बाप्तिस्मा दिला. मी पत्रक छापलं आणि त्यावर एक वाक्य घातलं: 'त्यांचा धर्म बदलला गेला, आपलाही बदलला, दोन टोकांची एकच कहाणी.' त्या वाक्यावर मी फार खूश होते.

आता चूक सांगते. शाळेत मी शेकडो कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलंय. आपल्याकडे काहीही असो, स्नेहसंमेलन असो की पाणपोईचं उद्घाटन, सुरुवात प्रतिमापूजनानं. वर्गातल्या एकीनं हौसेनं मक्याच्या देवाचं चित्र मोठं छापून, चौकट करून आणलं होतं. तरणाबांड, मान कललेली, केस कणसाच्या तुऱ्यासारखे. तिनं ते टेबलावर विहारातल्या दोन प्रतिमांशेजारी ठेवलं. मी पाहिलं. "छान दिसतंय," म्हणाले. तबकात हारही तीन आले.

प्रमुख पाहुण्यांचा फोन आला, येत नाही म्हणून. मग सगळ्यात ज्येष्ठ श्रोते म्हणून मी आबांना पुढं बोलावलं. त्यांनी दोन प्रतिमांना हार घातले, हात जोडले, मेणबत्ती लावली. मी त्यांच्या हातात तिसरा हार दिला आणि माइकवर सराईतपणे बोलून गेले, "आता आबांनी मक्याच्या देवाच्या प्रतिमेला हार घालावा, अशी मी विनंती करते."

"कुनाच्या?" आबांनी विचारलं.

"मक्याच्या देवाच्या."

माइक चालूच होता, त्यामुळे 'देवाच्या' हा शब्द सभागृहभर घुमला. आबांनी हाराकडं पाहिलं. मग तो अलगद तबकात परत ठेवला, टोपी नीट केली आणि दारातून बाहेर गेले.

मी मागं धावायला हवं होतं. धावले नाही. वीस माणसं समोर होती, आणि मी मास्तरीण. तासभर बोलले. पोथ्या कशा जाळल्या ते सांगताना डोळे खिडकीबाहेर, रस्त्यावर. काय बोलले कोण जाणे. नंतर फोन केला तर भाऊ म्हणाला, "यष्टीनं आलं. जेवलं न्हाईत. रानात गेलं."

दुपारीच स्कूटर काढली. वाटेत सगळा वेळ माफीची वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. मधेच रागही यायचा. एका हारासाठी एवढं? चित्रच तर होतं! मग स्वतःचाच राग. विहारात, देव न मानणाऱ्या माझ्या बापाच्या हातात, देवाला घालायला हार दिला मी. दुसऱ्या कुणी दिला असता तर मीच भांडले असते.

रानात गाईंच्या मुरघासासाठी मका कापणं चाललं होतं. आबा बांधावर बसले होते. मी शेजारी बसले. "चुकलं आबा," म्हणाले. "सवयीनं तोंडातून गेलं."

"हाराचं काय न्हाय," आबा म्हणाले. "सवय असती मानसाला." त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं, घडी उलगडली आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

"आपला धर्म बदलला म्हन. कुनी बदलला?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"मी दहा-अकरा वर्साचा आसन. माज्या आयनं देव्हाऱ्यातलं टाक सोताच्या हातानं टोपलीत भरलं. खंडोबा, म्हसोबा, समदं. तिच्या अंगाला कुनी हात लावला न्हवता, कुनी तलवार घिऊन हुबं न्हवतं. वाटंनं रडत व्हती, पर टोपली कुनाला धरू दिली न्हाय. नदीत सोताच वतली." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "त्या लोकांचं कुनी मोडलं. आमी सोडलं. तू येवढी शिकल्याली, आन् दोनी एकच म्हनती? मग आयनं काय केलं?"

हाराबद्दलच्या माफीची एवढी तयारी केली होती, आणि ते त्यावर चिडलेच नव्हते. मी माझ्या आजीच्या हातून तिची सगळ्यात अवघड गोष्ट काढून घेतली होती आणि ती तिच्यावर लादली होती असं छापून लोकांत वाटलं होतं. मला रडू आलं. आबांनी पाहिलं, पण समजूत काढली नाही.

मग म्हणाले, "येक सांग. त्यांच्यात आपनहून कुनी सोडलं का न्हाय? येखादी बाय?"

मला माहीत नव्हतं. वर्षभर शिकवत होते, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "बघते शोधून," म्हणाले.

"बघ. घावली तर बोलीव मला. यीन मी."

पत्रक मी दुसऱ्याच रविवारी वर्गात सगळ्यांसमोर फाडलं आणि का फाडलं तेही सांगितलं. ते सोपं होतं. तेव्हापासून शोधतेय. पहाटे उठते, चहा गार होतो, चष्मा पुसते, पुन्हा वाचते. पण तिथल्या लोकांच्या त्या काळातल्या पोथ्या राखेत गेल्या. जे हाती लागतं ते बहुतेक जाळणाऱ्यांनी लिहिलेलं, आणि त्यांच्या लिहिण्यात सगळेच आनंदानं नव्या धर्मात आले असं असतं. त्यावर कसा विश्वास ठेवू? एखादी बाई असेलही. तिची टोपली कुणी लिहून ठेवली नाही.

भावाचा फोन आला की आधी आबांचं विचारते. आबा ऐंशीचे झाले, आणि मला ती बाई अजून सापडलेली नाही.