बेसमेंटमधल्या गाडीचे जास्तीचे किलोमीटर

आधीच सांगते — भूतखेत, करणी, बाहेरची बाधा, यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. 'आपोआप झालं' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नाही, कुणीतरी काहीतरी केलेलं असतं! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहिते.

आम्ही बेंगळुरूला सर्जापूर रोडवर राहायचो. मी पुण्याची, नवरा समीर नागपूरचा, दोघंही आयटीत. गाडी लीजवर घेतलेली — महिन्याचा हप्ता, किलोमीटरची मर्यादा, त्यापुढे गेली की प्रत्येक किलोमीटरला दंड. समीर त्या मर्यादेला इतका जपायचा की भाजीला मला ऑटोने पाठवायचा.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, त्याने बेसमेंटमध्ये गाडीची साग्रसंगीत पूजा केली. केळीचे खुंट, झेंडू, चारही चाकांपुढे लिंबं. आता लिंबांवरून गाडी पुढे घ्यायची, तेवढ्यात नागपूरहून फोन आला — बाबा, म्हणजे माझे सासरे, कोसळले. समीर अंगावरच्या कपड्यांनिशी कॅब करून एअरपोर्टला पळाला. लिंबं तशीच राहिली. मी घरूनच काम करत होते, गाडीला हातही लावला नाही. अंधश्रद्धा नाही हो, सर्जापूर रोडचं ट्रॅफिक!

दिवाळीनंतर बाबा गेले. आईंना एकटं ठेवायचं नाही म्हणून आम्ही नागपूरला जायचं ठरवलं, आणि मी लीज मुदतीआधीच बंद करायला टाकलं. समीर अजून तिकडेच होता.

गाडी तपासायला कंपनीचा मंजुनाथ नावाचा माणूस आला. बॅटरी उतरली असणार म्हणून वायरी घेऊनच आला होता. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मीटर बघून म्हणाला, "मॅडम, लिमिट से बहुत ज़्यादा चली है."

"शक्यच नहीं. गाडी यहाँ से हिली नहीं."

त्याने मोबाईलवर गाडीच्या ट्रॅकरचा नकाशा उघडला. रोज संध्याकाळी गाडी निघाली होती. सर्जापूर रोड, हेब्बाळ, एअरपोर्ट. बाहेर येणाऱ्या प्रवाशांच्या दारासमोर बराच वेळ थांबून परत बेसमेंटमध्ये. रोज... मी लगेच समीरला व्हिडिओ कॉल लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी थंड आवाजात विचारलं, "कुणाला आणायला जात होतीस?"

त्या आवाजात तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मला भयंकर अपमान वाटला.

"मी कुठेही गेले नाही, समीर!"

"मग गाडी काय आपोआप गेली?"

नेमकं माझंच वाक्य.

मंजुनाथ टायरचे फोटो काढायला वाकला होता, तो तसाच राहिला. "अक्का..." मॅडमची एकदम अक्का झाले मी. "निंबेहण्णु हागे इदे."

लिंबं तशीच आहेत. चारही. वाळून काळी पडलेली, पण अख्खी. भोवतालच्या धुळीवर चाकाचा एक माग नाही. मी फोन जमिनीजवळ धरून समीरला एकेक लिंबू दाखवलं. पेट्रोलचा काटा होता तिथेच होता. फास्टॅग उघडून बघितला — एअरपोर्टच्या रस्त्याचा टोल एकदाही कापला गेला नव्हता.

"शेवटची फेरी कधीची आहे?" समीरचा आवाज बदलला होता.

मंजुनाथने तारीख वाचली. बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळची.

समीर फोनवरच रडायला लागला. "मी उशाशी बसलेलो असायचो गं, त्यांचा हात धरून. तरी संध्याकाळ झाली की बाबांचं सुरू व्हायचं... 'चाबी दे, समीरचं विमान उतरलं असन. पोरगा बाहेर उभा राहीन.' मी सांगायचो, बाबा, मी आलोय. त्यांना पटायचंच नाही. उठायला बघायचे. तुला सांगितलं नाही, बोलवतच नव्हतं."

बाबा बेंगळुरूला कधी आलेच नव्हते. ही गाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

कंपनीचं म्हणणं एकच — मीटर म्हणेल ते खरं. मीही सोडणारी नाही. मीटर बिघडला म्हणावं तर ट्रॅकरही नेमका तेवढाच बिघडला? दोन मेकॅनिकना विचारलं, ऑफिसातल्या हुशार पोरांना विचारलं. कुणाला काही सापडलं नाही, मलाही नाही, आजपर्यंत नाही. तरी लिंबांच्या फोटोंसकट मी सणसणीत तक्रार लिहिली.

समीरने ती पाठवू दिली नाही. "दंड भरून टाक," तो म्हणाला. "जन्मभर मला घ्यायला आले ते. पेट्रोलचं मी त्यांना एकदाही विचारलं नाही."