ठोक्याखालचा ठोका

‘या अल्बममधला प्रत्येक आवाज तोंडातून निघालेला आहे. एकही वाद्य वापरलेलं नाही.’ एका पोरीचा अल्बम नेटवर चढवताना हे वाक्य मी स्वतः टाइप केलं. ती शेजारी उभी राहून सांगत होती, मी बोटं चालवत होतो आणि मला माहीत होतं की ते खोटं आहे. इतके दिवस हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

बोईसरला माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे कारखान्यांच्या ओळीतला शेवटचा गाळा, भिंतींना फोम आणि दाराला आतून ठोकलेली जुनी गोधडी. वीसेक वर्षं मी हळदीची गाणी, देवीची गाणी आणि निवडणुकीच्या घोषणा रेकॉर्ड करतोय. शेजारच्या गाळ्यात पत्रा दाबायचं मशीन आहे, ते फक्त शुक्रवारी बंद असतं. म्हणून नाजूक काम शुक्रवारी. तिचा पहिला अल्बम असाच आठ शुक्रवारांत झाला, दर शुक्रवारी एक ट्रॅक.

ती आपल्या केळव्याजवळच्या माहीमची. एका कारखान्यात पॅकिंगला जाते आणि बीटबॉक्सिंग करते, म्हणजे ओठ, जीभ आणि घसा यांतून ढोलापासून झांजेपर्यंत सगळं वाजवते. पहिल्या दिवशी तिची आई सोबत आली होती, बाजारात मासळी विकून थेट, रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून.

“भाऊ, ही घरात तोंडानं कुकरची शिटी काढते,” आई म्हणाली. “मी आपली तीन शिट्या मोजून गॅस बंद करते. डाळ कच्ची!”

“आये, गप ना. काका काय म्हनतील?”

“काय म्हनतील? येवढा दम हाय तोंडात, तर माझ्याबरोबर मासळी इकाय बस, सांगते मी.”

आम्ही तिघंही हसलो. आई बाकावर बसून राहिली आणि पोरीनं माइकसमोर तोंड उघडल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला की आणखी कशाला, ते मला कळलं नाही.

आता माझ्या सवयीचं सांगतो. हळदीच्या गाण्यातला ठोका टेम्पोवरच्या स्पीकरमधून छातीवर बसला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर तयार ठोक्यांची एक फाइल आहे. कुणाचीही ढोलकी आली की मी तिच्या प्रत्येक थापेखाली त्यातला एक जाड ठोका घालतो. वाजवणाऱ्याला सांगत नाही. तो आपलाच हात ऐकतोय असं समजून खूश होतो, मीही खूश.

तिसऱ्या शुक्रवारी ती सर्दी घेऊन आली होती. ओठ दाबून सोडल्यावर जो ढोलासारखा ठोका येतो तो मला पातळ वाटला. ती चहा आणायला बाहेर गेली तेवढ्यात मी फाइल उघडली. दहा मिनिटांचं काम. ती परत आली, हेडफोन लावले आणि तिचे डोळे मोठे झाले.

“काका, हे मीच?”

“मग कोण?”

तिनं ते चार वेळा ऐकलं. त्यानंतरच्या पाचही ट्रॅकना मी तेच केलं. तेव्हा तिला सर्दी नव्हती.

अल्बम नेटवर गेला, लोकांनी ऐकला आणि पालघरला तिचा कार्यक्रम ठरला. मी मागे उभा होतो. तिसरा ट्रॅक सुरू झाल्यावर पुढच्या रांगेतून एकानं ओरडून विचारलं, “ताई, मोबाइलवर तर जाम वाजत होतं! माइक डाऊन हाय काय?” लोक हसले. तीही हसली आणि आणखी जोरात वाजवायला लागली.

त्यानंतर ती दर शुक्रवारी येऊ लागली, नुसती सराव करायला. माइकसमोर उभी राहायची, स्वतःचा ट्रॅक लावायची आणि त्या ठोक्याची बरोबरी करू पाहायची. “काका, तवा तोंडात काय होतं माझ्या? आता तो ठोका येतच नाय.” मी सांगायचो, दमली असशील, पाणी जास्त पी, ओठांना तूप लाव. हे सांगताना मला खुर्चीत बसवायचं नाही. गाळ्यात दारापासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचो. जेवताना बोटं ताटावर ठोके देत राहायची. बायको म्हणायची, “भात तरी गप खा.”

मग एका शुक्रवारी ती ओठावर रुमाल धरून आली. रुमालावर रक्त होतं. उमरोळीचा कार्यक्रम नको म्हणून कळवलं, म्हणाली. “माझ्यात होतं ते गेलं, काका. तेवढं सांगायला आले.”

मी ट्रॅक उघडला. खालची, माझ्या ठोक्यांची ओळ बंद केली आणि वाजवलं. तिचा स्वतःचा ठोका वाजू लागला, कोरडा आणि नेमका. मला आता तो पातळ वाटला नाही. मी म्हणालो, “हा तुझा आहे. खालचा माझा होता.”

 तिनं रुमाल बाजूला करून, फुटलेल्या ओठांनी एक ठोका काढला. अगदी तोच.

“का टाकला?”

“सवय.”

“खोटं.”

“तुझ्या तोंडानं एवढं होईल असं मला वाटलं नाही,” मी म्हणालो. “मुलगी म्हणूनही असेल.”

ती उठली नाही. सहाही ट्रॅकमधून माझा ठोका तिनं समोर बसून काढायला लावला आणि अल्बम पुन्हा चढवायला लावला. मी ‘एकही वाद्य वापरलेलं नाही’ या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, हे काढू का? “राहू द्या,” ती म्हणाली, “आता खरं हाय.” जाताना तिनं सगळं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं. पुढचं काम ती माझ्याकडे करणार नाही, हे तिला सांगावं लागलं नाही.

गेल्या आठवड्यात माकुणसारचा ढोलकीवाला आला. माझ्याकडे बारा वर्षं वाजवतोय. त्याची थाप रेकॉर्ड झाली आणि माझा हात त्या फाइलकडे गेला. मी हात मागे घेतला आणि विचारलं, “खाली माझा एक ठोका घालू का?”

त्यानं ढोलकीवरून मान वर केली. “म्हंजे? आतापर्यंत घालत होतात काय?”

“हो,” मी म्हणालो.